न गाळलेली व्हाइट ब्लेंड: कशी थंड करायची, कशी ओतायची, कशी प्यायची

न गाळलेल्या व्हाइट ब्लेंडच्या, म्हणजे द्राक्षांच्या एकाहून जास्त जाती मिळून केलेल्या व्हाइट वाइनच्या, एका बाटलीतून सहा ग्लास ओतले होते. पहिला ग्लास घेतलेली मैत्रीण म्हणाली, छान हलकी आहे, हिरव्या सफरचंदासारखी. शेवटचा ग्लास ज्याच्या वाट्याला आला तो मित्र गप्पच होता. विचारलं तेव्हा म्हणाला, मला तर मळलेल्या पिठासारखा वास येतोय आणि जिभेच्या मागे काहीतरी कडवट राहतंय. दोघंही खरंच बोलत होते. बाटली दोन दिवस फ्रिजच्या दारात उभी होती, गाळ तळाशी नीट बसला होता, आणि मी ती नेहमीच्या व्हाइट वाइनसारखी एकेक ग्लास करत ओतली. वरची निवळ वाइन पहिल्या चौघांकडे गेली, तळचा सगळा गाळ शेवटच्याकडे.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी पक्की धरून आहे. न गाळलेल्या बाटलीत वर एक वाइन असते आणि तळाशी दुसरी. वरची निवळ प्यायची, की दोन्ही एकजीव करून प्यायची, हे बूच काढण्याआधी ठरवावं लागतं. साठवण, तापमान, ओतण्याची पद्धत हे सगळं मग त्या निर्णयाप्रमाणे करता येतं.

गढूळपणा नेमका कशाचा

द्राक्षाचा रस आंबवून झाला की त्यात मेलेलं आणि अर्धमेलं यीस्ट, गराचे बारीक कण, प्रथिनं आणि टार्टरिक आम्लाचे क्षार तरंगत असतात. बहुतेक व्हाइट वाइन बाटलीत भरण्याआधी दोन टप्प्यांतून जाते. आधी तिच्यात असं काही घालतात की तरंगणारे कण त्याला चिकटून खाली बसतील. पाण्यात तुरटी फिरवण्याचाच हा प्रकार. वाइनसाठी बेंटोनाइट नावाची माती, दुधातलं केसीन, माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंग्लास असे पदार्थ वापरतात. त्यानंतर वाइन फिल्टरमधून जाते. त्यातल्या बारीक फिल्टरची छिद्रं साधारण ०.४५ मायक्रॉनची असतात. यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची, म्हणजे ती अडकतेच, आणि तिच्याहून लहान बॅक्टेरियाही अडकतात.

न गाळलेल्या वाइनमध्ये हा दुसरा टप्पा वगळलेला असतो. पहिला वगळलेला असेलच असं नाही. त्यामुळे ‘अनफिल्टर्ड’ लिहिलेली प्रत्येक वाइन प्राणिजन्य पदार्थांपासून मुक्त आहे असं धरून चालू नका. तुमच्यासाठी ते महत्त्वाचं असेल तर लेबलवर वेगळा उल्लेख शोधा.

टप्पा का वगळतात? यीस्टच्या पेशी मेल्यावर हळूहळू फुटतात आणि त्यांतून मॅनोप्रोटीन नावाची द्रव्यं वाइनमध्ये उतरतात. त्यांच्यामुळे वाइनला तोंडात एक गोलाई येते. वाइन पातळच असते, पण पाण्यासारखी निसटत नाही, जिभेवर जरा थांबते. खूप बारीक फिल्टरमधून गेल्यावर यातलं काहीतरी मागे राहतं असं अनेक वाइनमेकर मानतात, म्हणून ते वाइन महिनोन्‌महिने गाळावर मुरवतात आणि तशीच हलक्या हाताने बाटलीत उतरवतात.

गढूळपणाचे दोन प्रकार डोळ्यांनी ओळखता यायला हवेत, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. पहिला बसणारा गाळ. बाटली उभी ठेवली की तळाशी पिठूळ थर जमतो, तिरकी केली की धुरासारखा वर उठतो. हे यीस्ट. दुसरी न बसणारी धूसरता. वाइन सगळीकडे सारखी अंधूक दिसते आणि चार दिवस उभी ठेवली तरी तशीच राहते. ही बहुधा प्रथिनांची असते. उन्हात तापलेल्या गाडीत बाटली राहिली की ही प्रथिनं उलगडून एकमेकांना चिकटतात आणि निवळ वाइनसुद्धा धूसर होते. पहिल्या प्रकारात तुम्हाला निवड करता येते. दुसऱ्यात नाही; तिथे ती वाइन जशी आहे तशीच प्यायची.

याशिवाय तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नका. ते पोटॅशियम बायटार्ट्रेट, म्हणजे टार्टरिक आम्लाचा क्षार. वाइन थंड झाली की तो स्फटिक होऊन बाहेर पडतो. त्याला चव जवळजवळ नसते, दातांखाली मात्र करकरतो. हे स्फटिक जड असल्यामुळे पटकन बसतात आणि ओतताना सहज मागे ठेवता येतात.

बाटली हातात घेतल्यावर

लेबलवर ‘अनफिल्टर्ड’, फ्रेंचमध्ये ‘नॉन फिल्त्रे’, इटालियनमध्ये ‘नॉन फिल्त्रातो’ असं लिहिलेलं असतं. ‘स्यूर ली’ म्हणजे वाइन गाळावर मुरवली आहे. ती गाळलेली नाही असा त्याचा अर्थ होत नाही. फ्रान्समध्ये २०२० साली ‘व्हँ मेथोद नातुर’ ही खूण सुरू झाली. ती लावायची तर फिल्टरसारख्या कठोर प्रक्रिया चालत नाहीत, आणि सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ती गंधकाची संयुगं) घातलेच तर एकूण प्रमाण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावं लागतं.

न गाळलेली म्हणजे गढूळच असं मात्र नाही. वर्षभर पिंपात शांत राहिलेली वाइन आपोआप इतकी निवळते की ग्लासमध्ये फरक कळत नाही. म्हणून लेबल वाचून झालं की बाटली उजेडासमोर धरा आणि तळ पाहा. किती जाड थर आहे? पिठूळ आहे की खडे आहेत? वरची वाइन स्वच्छ आहे की धूसर? ही अर्ध्या मिनिटाची पाहणी मी कधीच चुकवत नाही.

बूचही पाहा. लेबलवर फेसाळ वाइनचा उल्लेख नसताना बूच वर आलं असेल किंवा बाजूने वाइन पाझरली असेल, तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू झालं असण्याची शक्यता मोठी. फिल्टर न केलेल्या वाइनमध्ये जिवंत यीस्ट आणि थोडी साखर एकत्र राहिली की हे होतं. अशी बाटली आधी चांगली थंड करा, तोंडाजवळ न धरता वॉशबेसिनवर सावकाश उघडा.

ब्लेंडमध्ये कोणती द्राक्षं आहेत हे मागच्या लेबलवर असेल तर वाचून ठेवा. सोव्हिन्यों ब्लां, रीसलिंग ही आम्ल आणि सुगंध आणणारी. सेमियों, शार्दोने, मार्सान ही अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, आणणारी. व्हियोन्ये जर्दाळूचा सुगंध देते, गेव्हुर्त्सट्रामिनर गुलाबाचा आणि लिचीचा. कशाचं प्रमाण जास्त आहे यावरून बाटली किती थंड करायची हे ठरतं.

काही ब्लेंड तळघरात नाही, मळ्यातच तयार होतात. व्हिएन्नाच्या ‘गेमिश्टर झात्स’मध्ये वेगवेगळ्या जाती एकाच मळ्यात लावतात, एकत्र तोडतात आणि एकत्रच आंबवतात. तिथल्या नियमानुसार किमान तीन जाती हव्यात, कोणतीही एक ५० टक्क्यांहून जास्त नको, आणि तिसऱ्या क्रमांकाची किमान १० टक्के हवी. अशा वाइनमध्ये कुठल्या द्राक्षाचं काय, हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. ती सगळी रसातच एक झालेली असतात.

उभी ठेवा

वाइन आडवी ठेवायची हा सल्ला बूच ओलं राहावं म्हणून असतो आणि दीर्घ साठवणीसाठी तो बरोबर आहे. न गाळलेली बाटली मात्र प्यायच्या निदान एक दिवस आधी, जमलं तर दोन-तीन दिवस आधी उभी करा. आडव्या बाटलीत गाळ पोटाच्या बाजूने लांबलचक पसरतो आणि उचलताक्षणी सगळीकडे मिसळतो. उभ्या बाटलीत तो तळाच्या खळग्याभोवती गोळा होतो. गढूळ प्यायची ठरवली असली तरी आधी उभी ठेवलेली बरी, कारण मग गाळ किती आहे ते दिसतं आणि मिसळणं तुमच्या हातात राहतं. फिरकीचं झाकण असेल तर आडवी ठेवायची गरजच नाही.

जागा थंड आणि अंधारी हवी, १२ ते १३ अंशांच्या आसपास. न गाळलेल्या वाइनमध्ये सूक्ष्मजीव शिल्लक असतात आणि बऱ्याचदा सल्फाइटही कमी असतात, त्यामुळे उष्णता तिला जास्त बाधते. तशी जागा नसेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि काही आठवड्यांत पिऊन टाका. पारदर्शक काचेची बाटली असेल तर उजेडापासूनही जपा. प्रकाशाने व्हाइट वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो.

किती थंड

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. फ्रिजमधून काढलेली बाटली साधारण ४-५ अंशांवर असते. त्या तापमानाला सुगंध दबलेला असतो, आम्ल टोचतं, आणि गाळाचा कडवटपणा एरवीपेक्षा जास्त जाणवतो. ज्या गोलाईसाठी वाइन न गाळता ठेवली, तीच नेमकी हरवते.

सोव्हिन्यों किंवा रीसलिंग जास्त असलेली हलकी ब्लेंड ८ ते १० अंशांवर द्या. शार्दोने, सेमियों, मार्सान, रूसान जास्त असतील किंवा वाइन पिंपात गाळावर मुरलेली असेल, तर १० ते १३. सालांसकट आंबवलेली, नारिंगी झाक असलेली ब्लेंड असेल तर १३ ते १५ पर्यंत जायला हरकत नाही, कारण सालांमधलं टॅनिन थंडीत फार तुरट लागतं. इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेवर, ओस्लाविया नावाचं गाव आहे. तिथल्या योश्को ग्रावनर यांनी २००१ पासून जॉर्जियन पद्धतीच्या, जमिनीत पुरलेल्या मातीच्या भांड्यांत व्हाइट वाइन आंबवायला सुरुवात केली. त्यांची ‘ब्रेग’ ही चार द्राक्षांची न गाळलेली ब्लेंड या प्रकारची होती; २०१२ च्या हंगामानंतर ती बनवणं थांबलं. अशी वाइन कोणी बर्फगार दिली तर तिच्यातलं निम्मं कळणारच नाही.

थर्मामीटर नसेल तरी चालतं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून हलक्या ब्लेंडसाठी पंधरा मिनिटं, भरीव ब्लेंडसाठी अर्धा तास टेबलावर राहू द्या. खोली गरम असेल तर वेळ कमी करा. काच हाताला गार लागली पाहिजे, बोटं बधिर व्हायला नकोत.

उलट, बाटली खोलीच्या तापमानाला असेल आणि पाहुणे दारात असतील, तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घेऊन बाटली गळ्यापर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात मधेमधे हवा राहते. पाणी काचेला सगळीकडून टेकतं, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर. बादलीतही बाटली उभीच ठेवा आणि लवकर गार व्हावी म्हणून गोल गोल फिरवू नका, नाहीतर दोन दिवस बसवलेला गाळ क्षणात उठेल. फ्रीझरमध्ये विसरून जाण्याचा धोका घेऊ नका. वाइन शून्याच्या खाली पाच-सहा अंशांवर गोठते आणि फुगून बूच बाहेर ढकलते.

निवळ, गढूळ, की आधी दोन्ही

नवी बाटली असेल तर माझा आग्रह आहे की आधी दोन्ही चाखा. तीन छोटे ग्लास घ्या. पहिल्यात वरची निवळ वाइन दोन घोट ओता. मग बाटलीचं तोंड बंद करून तिला सावकाश एकदा आडवी करून परत उभी करा, आणि अर्धवट गढूळ झालेली दुसऱ्या ग्लासात घ्या. पुन्हा दोन-तीनदा तसंच करा म्हणजे तळ पूर्ण सुटेल, ती तिसऱ्यात. तिन्ही शेजारी ठेवून डावीकडून उजवीकडे चाखत जा.

पहिल्या ग्लासात फळ पुढे असतं: सफरचंद, लिंबाची साल, फुलं. कड धारदार असते. दुसऱ्यात ती कड जराशी मऊ झालेली असते, वास पावाकडे झुकतो. तिसऱ्यात काय होईल हे बाटलीवर आहे, आणि म्हणूनच हा प्रयोग करायचा. काही वाइन तिथे एकदम भरतात, सायीसारख्या होतात, चव लांबते. काहींमध्ये यीस्ट फळाला झाकून टाकतं आणि मागे कडू राहतं. मला स्वतःला बहुतेक वेळा मधला ग्लास आवडतो. पण एखाद्या बाटलीत तिसरा ग्लास इतका सरस निघतो की पहिला त्याच्यापुढे अर्धवट वाटतो. जीभ सांगेल ते ऐका.

आता निवळ ओतायची असेल तर. बाटली उभीच टेबलावर आणा. बूच काढताना मांडीवर तिरकी घेऊ नका. टेबलावर ठेवूनच स्क्रू फिरवा आणि शेवटचा भाग हळू सोडा, झटका देऊ नका. जवळ एक डिकॅन्टर किंवा काचेचा जग हवा. बाटलीच्या गळ्यामागे उजेड येईल असं उभं राहा. मोबाइलचा टॉर्च टेबलावर उताणा ठेवला तरी पुरतो. मग एका हाताने बाटली सावकाश तिरकी करत न थांबता, एकाच धारेत ओता. हे ‘न थांबता’ महत्त्वाचं आहे. दर ग्लासानंतर बाटली सरळ केली की आत लाट मागे जाते, तळावर आपटते आणि गाळ उठतो. पुढच्या ग्लासांत गढूळ येऊ लागते ती त्यामुळे. म्हणून ग्लासात थेट ओतण्याऐवजी आधी सगळी जगात घ्या.

शेवटच्या चतुर्थांशावर डोळे गळ्यावर ठेवा. आधी एक बारीक दुधी रेघ खांद्यापर्यंत सरकत येते, धुराच्या वळीसारखी. ती गळ्यात शिरली की थांबा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण अर्धा ते पाऊण कप मागे राहील. तो फेकू नका. एखाद्या छोट्या ग्लासात घेऊन ज्याला कुतूहल असेल त्याला द्या, किंवा मासे वाफवताना, सॉस करताना भांड्यात घाला. यीस्टमुळे रसाला छान अंग येतं.

गढूळ ओतायची असेल तर बाटली उघडण्याआधीच मिसळा. दोन्ही हातांत आडवी धरा, एखादं लाटणं फिरवावं तशी तळव्यांत सावकाश फिरवा, मग एकदा उलटी करून पाच-सहा सेकंद थांबा म्हणजे तळाच्या खळग्यातला थर सुटेल. परत सरळ करा, मिनिटभर टेबलावर ठेवा आणि उघडा. हलवायची नाही, झटकायची नाही. या वाइनमध्ये बऱ्याचदा विरघळलेला थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, आणि झटकली की ती उघडताना उसळते. बाटली मुळातच फेसाळ असेल, मुकुटासारखं पत्र्याचं झाकण असलेली, तर फिरवणंही अगदी हलकं ठेवा आणि चांगली थंड करूनच उघडा.

सहा जणांना ओतत असाल तर दोन फेऱ्यांत ओता. पहिल्या फेरीत प्रत्येकाला अर्धं, मग बाटली पुन्हा हलकेच आडवी-उभी करून उलट्या क्रमाने बाकीचं. गाळ लगेच बसायला लागतो आणि या उलट क्रमामुळे पहिल्याला आणि शेवटच्याला जवळपास सारखी वाइन मिळते. माझ्या त्या मित्राला नंतर मी तीच वाइन अशी ओतून दिली तेव्हा त्याने ग्लास पुढे करून आणखी मागितली.

आणि ओतण्याआधी सांगा. ‘ही गाळलेली नाही, म्हणून धूसर दिसते, खराब झालेली नाही.’ एवढं एक वाक्य पुरतं. न सांगता गढूळ ग्लास समोर ठेवला तर माणूस पहिला घोट संशयानेच घेतो.

ग्लास

ट्यूलिपच्या आकाराचा, पोटाला रुंद आणि तोंडाला जरा निमुळता, साध्या पारदर्शक काचेचा. अरुंद उंच फ्लूट नको, त्यात सुगंधाला जागा नसते. एक तृतीयांशच भरा. ग्लासला साबणाचा किंवा कपाटाचा वास नाही ना, एवढं आधी पाहा.

पिताना

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. कधी उकडलेल्या अंड्यासारखा किंवा नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो. गाळावर मुरलेल्या वाइनला हवा कमी मिळालेली असते, त्यामुळे गंधकाची संयुगं जमतात. ग्लास फिरवा, पाच-दहा मिनिटं द्या, बहुधा जातो. फार हट्टी असेल तर सगळी वाइन जगात ओतून वीस मिनिटं ठेवा.

जिभेवर बारीक चुणचुण जाणवली तर तो वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइड. अनेक वाइनमेकर हवेपासून वाइन जपण्यासाठी तो मुद्दाम ठेवतात. नको असेल तर ग्लास फिरवल्यावर उडून जातो.

ब्लेंडची खरी मजा मात्र वेळेत आहे. ग्लास थंड असताना आम्लाची द्राक्षं बोलतात, लिंबू, हिरवा पाला. वाइन दोन-तीन अंशांनी चढली की सुगंधी द्राक्षं पुढे येतात, जर्दाळू, फुलं. आणखी चढली की अंग देणारी, मेणासारखी, बदामासारखी चव. म्हणून पहिला ग्लास भराभर संपवू नका. थोडी वाइन ग्लासात राखून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा चाखा. मी दर वेळी करतो, आणि निम्म्या वेळा तो शेवटचा घोटच सर्वांत चांगला निघतो.

सोबत काय खायचं हा प्रश्न सोपा आहे, कारण ही वाइन गाळलेल्या व्हाइटपेक्षा जास्त पेलते. भाजलेली कोंबडी, लोण्यात परतलेलं मशरूम, मासे, शिंपले, सुकामेवा, मुरलेलं कडक चीज, सगळं जमतं. यीस्टच्या चवीला मशरूम आणि चीज विशेष जवळचं. फार गोड पदार्थ टाळा. त्यांच्यापुढे ही वाइन आंबट आणि रोड वाटते.

गढूळ वाइन ‘नैसर्गिक’ म्हणून शरीराला हलकी असते हा समज खरा नाही. १२.५ टक्के अल्कोहोलच्या १२५ मिलिलिटर ग्लासात सुमारे १२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, गाळलेली असो वा नसो. गाडी चालवणार असाल, गरोदर असाल किंवा अल्कोहोलशी न जमणारी औषधं घेत असाल, तर ही वाइनही तितकीच वर्ज्य.

बिघडलेली कशी ओळखायची

गढूळपणा हा दोष नाही, म्हणून दोष नाकाने आणि जिभेने शोधावे लागतात. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणझणीत वास येत असेल तर ॲसिटिक आम्ल आणि त्यापासून बनलेलं इथाइल ॲसिटेट वाढलेलं आहे. किंचित असेल तर वाइन चालते, ठसका लागत असेल तर नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास म्हणजे बुचाचा दोष. हवा देऊन तो जात नाही. सफरचंद कापून ठेवल्यावर तपकिरी पडतं तसा वास आणि तसाच रंग म्हणजे वाइनला हवा लागली आहे. ओतताना तेलासारखी तार धरत असेल तर बॅक्टेरियाची करामत.

सर्वांत फसवा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारख्या वासाचा. कमी सल्फाइटच्या न गाळलेल्या वाइनमध्ये तो जास्त आढळतो. ग्लासात नाक घातलं तर काहीच कळत नाही, कारण वाइनच्या आम्लात ही संयुगं उडत नाहीत. घोट गिळल्यावर लाळेने आम्ल कमी होतं आणि दहा-वीस सेकंदांनी मागून शिळ्या दाण्यांसारखी, पिंजऱ्यासारखी चव वर येते. संशय आला तर एक थेंब मनगटावर चोळून वास घ्या, तिथे तो लवकर कळतो. काही लोकांना तो अजिबात जाणवत नाही, त्यामुळे टेबलावर मतभेद झाला तर कोणालाही खोटं ठरवू नका. बाटली उघडल्यावर काही तासांनीही तो उमटू शकतो.

उरली तर

तळाच्या गाळावर अर्धी बाटली तशीच ठेवू नका. निवळ भाग एका लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवा. हवा जितकी कमी तितकं बरं. दोन-तीन दिवसांत संपवा. सालांसकट आंबवलेली ब्लेंड यापेक्षा जास्त टिकते, टॅनिन तिला सांभाळतं.

आणि जग त्याच रात्री धुवा. यीस्ट वाळलं की काचेला खवल्यासारखं चिकटतं. आधी साध्या पाण्याने गाळ काढून टाका, मग कोमट पाणी भरून दहा मिनिटं ठेवा. टार्टरिक आम्लाचे खडे त्यात विरघळतात. साबण नको, अरुंद तोंडाच्या जगातून त्याचा वास निघत नाही. उलटा टांगून पूर्ण वाळू द्या.